टोपी पुसणारी बाई

ऑगस्टा प्रायर हॉलिवूडला आमच्या स्टुडिओत आली ती भांडणातून. डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात ती कोर्टाच्या बातम्या द्यायची. आमचा एक चित्रपट पाहून तिनं छापलं, 'यातली विधवा रडते तशी माणसं फक्त पडद्यावरच रडतात.' आमच्या मालकांनी चिडून तिला तार ठोकली: 'मग तूच लिहून दाखव.' आठवड्याभरात बाई बॅग घेऊन दारात हजर! साल १९१६. मी तिथं टायपिस्ट होते.

पहिली कथा तिनं कोर्टात पाहिलेल्या प्रसंगावर रचली. नवऱ्याला शिक्षा होते. बायको रडत नाही. त्याची बाकावर राहिलेली टोपी घेते आणि आतून पुसत बसते.

"रडायला काय झालं तिला?" दिग्दर्शक कोवाल वैतागला.

"ते तिला विचारा. मी पाहिलं ते लिहिलं."

चित्रपट मूकच होता, पण त्या प्रसंगाला प्रेक्षकही चिडीचूप झाले. ऑगस्टाचं नाव झालं.

वर्षभरानं लोरेटा हॅग नावाची एक सडपातळ बाई स्टुडिओत आली.

"ती टोपीवाली मीच," ती म्हणाली. ऑगस्टाचा चेहरा पडला.

"गावात जो तो विचारतो, एवढं प्रेम होतं का गं नवऱ्यावर? काय लिहून ठेवलंत हो बाई!"

"प्रेम नव्हतं?"

"डोंबलाचं प्रेम! टोपीच्या आत त्याचं नाव होतं. ते मी पुसत होते. टोपी भावाला द्यायची होती, पण ते नाव घरात नको होतं."

मला हसू फुटलं. ऑगस्टा मात्र गंभीर होती.

"मी दोन बाकं सोडून बसले होते," ती म्हणाली. "उठून विचारायला हवं होतं."

मग तिनं खुर्ची ओढली आणि संध्याकाळपर्यंत लोरेटाला विचारत राहिली. मी उतरवून घेत होते. त्यातून दुसरा चित्रपट झाला. कथेखाली लोरेटाचंही नाव लागलं.

तेव्हापासून ऑगस्टानं न विचारता काही लिहिलं नाही. न्हावी, नर्सा, तुरुंगातून सुटलेली माणसं, सगळ्यांचं बोलणं जसंच्या तसं वहीत. बोलपट आले तेव्हा कितीतरी जुने लेखक घरी बसले. तिच्याकडे दोन ट्रंका भरून बोलणं तयार होतं! ती आणखी दहा वर्षं टिकली.

बावीस वर्षं मी तिची पानं टाइप केली. मला मात्र तिनं कधी काहीच विचारलं नाही. का, ते मीही विचारलं नाही.