भय्यासाहेबांचं घास कापायचं मशीन

आमच्या घरामागे सरकारी बाग आहे आणि बागेच्या कोपऱ्यात दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथे भय्यासाहेब राहतात. ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हापासून ते या बागेचे दारोगा, म्हणजे देखरेख करणारे. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, फाटकावरची पाटी पुसून पुन्हा रंगवली गेली, भय्यासाहेब मात्र तेच राहिले. त्यांच्या ताब्यात एक विलायती मशीन होतं. पेट्रोलवर चालायचं आणि हिरवळीवरचा घास कापायचं. सकाळी त्याचा आवाज आला की माझ्या मुली बागेकडे पळायच्या आणि कोणाचा पाय पात्याखाली येऊ नये म्हणून मी त्यांच्या मागे.

मशीनमागे भय्यासाहेब चालत आणि क्वार्टरच्या ओट्यावर माई, त्यांची बायको, सुपारी कातरत बसत. "ती मोठी सवत माझी," असं त्या मशीनकडे बोट दाखवून म्हणायच्या. छप्पन सालच्या उन्हाळ्यात माई तापाने गेल्या. त्याच सुमारास आमचे यजमान नव्या राज्याच्या कामासाठी भोपाळला गेले. मी भय्यासाहेबांना संध्याकाळचा डबा देऊ लागले. डबा स्वच्छ घासून परत यायचा, पण पोळ्या गाईच्या पुढ्यात गेलेल्या मला मागच्या दारातून दिसायच्या.

दसरा झाला आणि मशीन बिघडलं. नेमकं तेव्हाच, कारण पुढच्या महिन्यात मध्यभारत संपून नवा मध्य प्रदेश होणार होता आणि त्याआधी बागेतल्या सामानाची तपासणी करायला साहेब येणार होते. मशीन बंद दिसलं तर ते भंगारात निघणार, दारोगाची जागाही जाणार आणि क्वार्टर रिकामं करावं लागणार, असं कचेरीतून स्पष्ट सांगितलं होतं. भय्यासाहेबांचा मुलगा शरच्चंद्र भोपाळहून त्यांना न्यायलाच आला. आल्याबरोबर त्याने वडिलांची वळकटी बांधून ठेवली.

"बाबा, मशीन बंद म्हणजे इथलं सगळंच बंद. चला माझ्याकडे."

"तिकडे येऊन काय करू? तुझ्या कुंड्यांना पाणी घालू?"

"घाला की. आरामात राहा."

"आराम तुझ्या आईला मिळाला. मला नको."

मशीनची तऱ्हा विचित्र होती. दोरी ओढली की पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं, थोडं अंतर झकास चालायचं आणि मग खोकल्यासारखं करून गप्प. भय्यासाहेबांनी प्लग काढून पॉलिश पेपरने घासला. कार्बोरेटर उघडून फुंकला. पेट्रोल मलमलीतून गाळून घेतलं. मग ते टाकीचं टोपण उघडून आत डोकावायचे, पेट्रोल आहे याची खात्री करून टोपण घट्ट बसवायचे, पुन्हा दोरी. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"सूनबाई, तू बी. ए. झालीस ना? हे वाच जरा," म्हणत त्यांनी मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं. शेजारची असले तरी मला ते सूनबाईच म्हणत. मी वाचून मराठीत सांगत गेले. त्यात लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांनी आधीच केलं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांचा धीर सुटला. मशीन बंद पडलं तसं त्यांनी टोपण उपटून गवतात फेकलं आणि तशीच दोरी ओढली. मशीन सुरू झालं आणि ते चालू लागले.

"भय्यासाहेब, टोपण! पेट्रोल सांडेल, भडका उडेल!" मी ओरडले.

"उडू दे!"

मशीन मेंदीच्या कुंपणापर्यंत गेलं. वळून परत आलं. पुन्हा गेलं. थांबायचं नावच नाही. मग भय्यासाहेबांनीच ते बंद केलं, गवतातून टोपण उचललं आणि उजेडाकडे धरलं. टोपणाला वरून सुईच्या नाकाएवढं भोक असतं, टाकीत हवा जायला. ते तुपात कालवलेल्या शेंदराने बुजलं होतं. शेंदूर वाळून घट्ट बसला होता. हवा जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. टोपण उघडलं की तेवढ्यापुरती हवा मिळायची.

दरवर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा माई करायच्या. या वर्षी ती भय्यासाहेबांनी केली होती.

"ती शेंदूर कुठे लावायची ते मी कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. "मला टोपण कपाळासारखं वाटलं. म्हणून तिथे लावला. भरपूर लावला."

शरच्चंद्र हसला. मग वडिलांचा चेहरा बघून आतून सुई घेऊन आला. भय्यासाहेबांनी सुईने भोक मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर मशीनने अख्खी हिरवळ कापली.

"वाह दारोगाजी, ये तो मक्खन चलती है!" साहेब खूश होऊन म्हणाले. "इसे भोपाल भिजवाते हैं। वहाँ नए बंगलों में लॉन लग रहे हैं।"

"और मैं, हुजूर?"

"आपको कौन हटा रहा है? आप यहीं रहिए। बाग तो है न।"

साहेबांची जीप गेल्यावर शरच्चंद्र हळूच म्हणाला, "बाबा, शेंदूर तसाच राहू दिला असता तर मशीन कुठे गेलं नसतं."

"भंगारवाल्याकडे गेलं असतं. चालतं आहे, तर चालतं असंच सांगायला हवं."

मशीन न्यायला ट्रक आला, तेव्हा भय्यासाहेबांनी ड्रायव्हरला टोपणाचं भोक दाखवून दोन-दोनदा बजावलं, "इसको बंद मत होने देना, भैया." ड्रायव्हरने मान हलवली, पण त्याचं लक्ष दोर आवळण्यात होतं. शरच्चंद्रही त्याच ट्रकमधून परत गेला. वळकटी भय्यासाहेबांनीच सोडली.

आता ते विळ्याने कडेकडेचा घास कापतात. मधली हिरवळ वाढतच चालली आहे आणि मला सापाची धास्ती वाटते. काल डबा द्यायला गेले तेव्हा न राहवून विचारलं, "त्यापेक्षा भोपाळला गेला असतात तर?"

"मला इथे राहायचं होतं. राहायला मिळालं. आता तक्रार कोणत्या तोंडाने करू?" असं म्हणून त्यांनी डबा घेतला. मी वळले तर म्हणाले, "घाई नसेल तर जेवण होईपर्यंत बस, सूनबाई."

मी बसले. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या.