मार्थाबाईंच्या खोलीतले गुरुवार

रडायला जमलेल्या बायकांकडे हसण्याचे किस्से किती साठतात, हे आमच्या गुरुवारच्या बैठकीत बसल्याशिवाय कळायचं नाही! बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. नागपुरात आमच्या चर्चमागच्या खोलीत मार्थाबाई मूल नसलेल्या आम्हा बायकांना धीर द्यायच्या. पाळकसाहेब त्याला ‘काउन्सेलिंग’ म्हणायचे. मार्थाबाई रिटायर्ड नर्स, फटकळ, पण जीव लावणाऱ्या.

नियम एकच : औषध सुचवायचं नाही. पहिल्याच दिवशी एकीनं मला डिंक सांगितला, दुसरीनं कसलीशी मुळी. मार्थाबाई कडाडल्या, “जन्म दवाखान्यात गेला माझा, अन् तुम्ही मलेच डॉक्टरकी शिकवून राहिल्या!”

*

सुशीला माहेरची सावनेरची. सासू उठता-बसता तिलाच दोष द्यायची, आणि तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. पहिल्या गुरुवारी ती नुसती रडत होती. चर्चमधल्या सगळ्यांच्या एकत्र जेवणाचे, प्रीतिभोजनाचे, वाटाणे सोलायचे होते, ते मार्थाबाईंनी तिच्यापुढे ठेवले.

“रडत-रडत सोल वं. मग प्रार्थना करू.”

टोपली संपली. सुशीलानं डोळे पुसले. “आता प्रार्थना?”

“आता चहा!”

सुशीला हसली. आम्हाला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

*

एकदा पाळकसाहेब समजवायला आले. “बहिणींनो, देव आपल्या वेळेनं देतो.” बाहेर त्यांची सहा पोरं धिंगाणा घालत होती.

मार्थाबाई म्हणाल्या, “साहेब, तुमच्या घरचं घड्याळ भलतंच पुढं चालून राहिलं!”

*

मग सुशीलाची सासूच चौकशीला आली. मार्थाबाईंनी सुशीलाच्या नवऱ्याचं विचारलं, “जोसेफले डॉक्टरले दाखवलं काय?”

“त्याले काहून? माझा पोरगा धडधाकट आहे. दहा पोळ्या खाते!”

“पोट नाही तपासायचं, बाई!”

सासू तणतणत गेली. पण जोसेफ दारातच सायकल धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

*

आमच्याकडे रविवारी नाव घेऊन प्रार्थना व्हायची. सासूनं सुशीलाचं नाव सांगून ठेवलेलं. पाळकसाहेबांनी भर मंडळीत सुरू केलं, “प्रभू, आमची भगिनी सुशीला, हिची कूस...” सुशीलाची मान खाली गेली.

तेवढ्यात जोसेफ उभा राहिला. गीत म्हणतानाही ज्याचा आवाज निघायचा नाही, तो!

“साहेब, थांबा जरा. मी डॉक्टरकडून तपासून आलो. तिचं नाव नका घेऊ. माझं घ्या.”

सासूनं पदर तोंडाला लावला. पाळकसाहेबांनी एकदा चष्मा पुसला आणि जोसेफचं नाव घेऊन प्रार्थना पुरी केली.

“आमेन!” सगळ्यांच्या आधी सुशीलाच म्हणाली. केवढ्यानं!