बोटीवरच्याची जागा

लग्नाचे फोटो काढता काढता तीस वर्षं झाली. आल्बम लोकांच्या घरी जातात आणि किस्से आमच्याकडे राहतात. पावसाळ्यात लग्नं नसली की मी आणि विलास रत्नागिरीतल्या आमच्या दुकानात लेन्सवरची बुरशी पुसत बसतो आणि तेच तेच एकमेकांना पुन्हा सांगतो. विलास म्हणजे माझा भागीदार, व्हिडिओवाला. परवा या धंद्यात नवीन आलेली एक मुलगी विचारायला आली. "काका, लग्नाच्या फोटोत नेहमी होणाऱ्या चुका सांगा ना, म्हणजे मी टाळेन."

विलास म्हणाला, "बस गो बाय. पण आमच्या चुका एका चहात संपायच्या नाहीत."

*

पहिली चूक माझीच. रोलचा जमाना. शेवटचं मंगलाष्टक चालू आणि नेमका तेव्हाच मी रोल बदलायला घेतला. तो बसेपर्यंत अंतरपाट खाली, अक्षता डोक्यावर, हार गळ्यात. हळूच भटजींना म्हटलं, "एकदा परत धरता का अंतरपाट? एकच मिनिट."

भटजी म्हणाले, "धरतो की. पण मग दुसरं लग्न होईल. चालेल का, ते नवऱ्यामुलाला विचार."

नवरामुलगा गंभीरपणे म्हणाला, "चालेल. पण हिच्याशीच."

तो फोटो मला मिळाला नाही. मिळायला हवा होता, असं अजून वाटतं.

*

आमच्याकडे बऱ्याच घरांत मुलीची आई लग्न लागताना बघत नाही. मांडवात मंगलाष्टका चालतात आणि ती तुळशीला पाणी घालत बसते. सगळे कॅमेरे मांडवात, तिचा फोटो कोणीच काढत नाही. ही दुसरी चूक, आणि ती मी बरीच वर्षं केली.

सावर्ड्याजवळ एका घरी अंगणातच लग्न होतं. अक्षता पडल्या, मी दोन-चार फोटो घेतले आणि मागच्या दारी पळालो. मुलीची आई तुळशीसमोर रिकामा तांब्या घेऊन उभी होती. पाणी केव्हाच संपलेलं.

"लागलं का?" तिने विचारलं.

"लागलं. बघायचंय?" मी कॅमेऱ्याची स्क्रीन पुढे केली.

ती म्हणाली, "लग्न बघायचं नसतं. फोटोचं कोणी काही सांगितलेलं नाही." पदराने स्क्रीन पुसली आणि एकेक फोटो बघत राहिली. मांडवात माझ्या नावाने हाका चालल्या होत्या. मारू दे म्हटलं.

*

डोळे मिटलेले फोटो पुसून टाकायचे, हा धंद्यातला पहिला धडा. मी पण तेच करायचो.

एक नवी नवरी फोटो निवडायला एकटीच आली. नवरा लग्नानंतर आठव्या दिवशी मुंबईला कामावर परत गेलेला. म्हणाली, "सप्तपदीच्या वेळचा एक होता बघा, त्यांचे डोळे मिटलेले. त्या दिवशी कॅमेऱ्यात बघितला होता."

"तो पुसला. चांगला नव्हता. डोळे उघडे असलेले ढीगभर आहेत."

"ते असू देत. ते झोपल्यावर कसे दिसतात, ते माझ्या अजून नीट लक्षात राहिलेलं नाही."

तेव्हापासून मी डोळे मिटलेले फोटो पुसत नाही.

*

आता आमची खास रत्नागिरीची चूक. इथे घरटी एखादा बोटीवर. बहिणीचं लग्न ठरतं आणि भाऊ असतो भलत्याच समुद्रात, त्याला सुट्टी नाही. मग फॅमिली फोटोत त्याची जागा सोडायची. सुट्टीवर आला की दुकानात त्याचा फोटो काढून तिथे बसवायचा.

सोपं वाटतं ना? पण मोकळी जागा दिसली की आपला माणूस तिथे जाऊन उभा राहतो, एसटीची सवय. एकदा मुलगा बोटीवरून आला, बघतो तर त्याच्या जागी मावशी. दुसरा आला तो पोट सुटून आला. विलास म्हणाला, "याला बसवायचा तर शेजारच्या काकांना काढावं लागेल." त्याची आई म्हणाली, "काढा. नाही तरी ते रुसूनच गेले."

हात कुठे, सावली कुठे, हे जुळवायला शेजारी कोणीतरी उभं करावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे कायम विलास. आतापर्यंत तो तीन आज्या, दोन करवल्या आणि एक नवरदेव झाला आहे. त्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे कुरकुर ठरलेली. "आटप मेल्या, जेटीवरचे मासे संपतील."

*

आरे-वारेच्या अलीकडे तात्यांच्या मुलीचं लग्न होतं. तात्या म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांचा प्रशांत बोटीवर. तात्यांनी स्वतःच हात पसरून जागा मोजली. "एवढा आहे तो. इथे कोणी घुसायचं नाय."

मग म्हणाले, "त्याचा हात माझ्या खांद्यावर घे हां. लहान होता तेव्हा माझा त्याच्या खांद्यावर असायचा. आता तो बापसापेक्षा उंच झाला."

फोटो काढला. नंतर मोठा करून बघितला, तर तात्यांचा डावा खांदा किंचित खाली. हात ठेवलेलाच आहे, अशा हिशोबाने उभे राहिलेले.

दर महिन्याला दुकानात डोकवायचे. "जागा आहे ना रे तशीच?"

"आहे, तात्या."

फाल्गुनात तात्या गेले. प्रशांतची बोट तेव्हा भर समुद्रात होती. त्याला येता आलं नाही.

*

जूनमध्ये प्रशांत दुकानात आला. लग्नासाठी आईने शिवून ठेवलेला कुर्ता घालून आला होता. मी स्क्रीनवर फोटो उघडला. तो तात्यांकडे बघत राहिला, मग त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे.

मी त्याला पडद्यासमोर उभा केला. "हात उचल. थोडा खाली. अजून थोडा." हात हवेत नुसता लोंबत होता, फोटोत काही बसेना.

विलास घरी निघाला होता, हातात माशांची पिशवी. त्याने ती खाली ठेवली आणि प्रशांतच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

प्रशांत म्हणाला, "तात्या जरा बुटके होते."

विलास गुडघ्यात वाकला. डावा खांदा किंचित खाली केला. प्रशांतने हात ठेवला.

मी फोटो घेतला. तपासला. हात बरोबर पडला होता, सावलीही जुळली होती. "झालं," मी म्हटलं.

प्रशांतचा हात निघेना.

विलास तसाच वाकून उभा होता. समोर बघतच म्हणाला, "अजून एक घे रे. मला काही घाई नाही."