फक्त मशीनचे फोटो

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा मोबाईलवरचा ग्रुप मास्तरांनी काढला होता आणि तिथे त्यांचाच शब्द चालायचा. फोटो टाकायचा तो मशीनचा. कोणी फुलं टाकून सुप्रभात म्हटलं, की मास्तर ती उडवायचे आणि वर त्याचा खरपूस समाचार घ्यायचे. चाळीस वर्षं वाकड्या मशिनी सरळ केलेला माणूस, माणसांनाही तोच न्याय लावायचा.

ग्रुपवर एक ताई होत्या. कोणाचा दोरा तुटो, शटल अडको, पहिलं उत्तर त्यांचं. एका दुपारी त्यांनी हॉस्पिटलच्या बिलाचा फोटो टाकला. मास्तरांनी तो न वाचताच काढून टाकला आणि लिहिलं, "इथे फक्त मशीनचं बोला."

"चुकलं, मास्तर," एवढंच ताईंचं उत्तर आलं.

ज्यांनी बिल पाहिलं होतं ते मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी मास्तरांना वगळून दुसरा ग्रुप काढला, पैसे जमवले, ताईंचं ऑपरेशन पार पडलं. मास्तरांना हे महिन्याने कळलं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी जुन्या दोस्ताला फोनवर विचारलं.

"कुठे सांगू? ग्रुपवर?"



पुढच्या आठवड्यात ताईंचा फोटो आला. उशीला टेकून बसलेल्या ताई आणि शेजारी मशीन. खाली लिहिलं होतं, "मास्तर, मशीन घेतलंय फोटोत. चालेल ना?"

ताईंनी खरंच विचारलं होतं. टोमणा असता, तर मास्तरांनी सोसला असता.