अपरिमित हानी आणि दोन पायल्या गहू

'अपरिमित हानी झाली' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, नक्की काय गेलं? बहुतेकांना सांगता येत नाही. कारण त्यांचं काही गेलेलंच नसतं.

हे मी गोरेगावला शिकले, नुकती नोकरीला लागले होते तेव्हा. आमच्या चाळीच्या मालकांनी भाडेकरूंना न विचारता अंगण एका सिनेमा कंपनीला शूटिंगसाठी दिलं. तिथेच शेजारच्या काकूंनी खाटांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. काकू विधवा, लोकांच्या रुखवताचे पदार्थ करून त्या घर चालवत. कंपनीचा घोडा बिथरला, खाटा उलथल्या आणि पुढच्या आठवड्यातल्या लग्नाच्या कुरडयांचा भुगा झाला.

मालकांना एकदम स्फुरण चढलं. अक्षर बरं म्हणून कंपनीला द्यायचा अर्ज लिहायला मला बसवलं. मी लिहिलं, काकूंच्या कुरडया गेल्या, दोन पायल्या गहू भरून द्यावा.

"गहू?" मालक किंचाळले. "चाळीची अब्रू काढतेस का गं? खोड ते. लिही, अपरिमित हानी झाली आहे."

"कुणाची?"

"सगळ्यांची!"

असला अर्ज वाचून कंपनीच्या मॅनेजरनं काय भरून द्यायचं? त्यानं सगळ्या चाळीला शूटिंग बघायला बोलावलं. चाळ इस्त्रीचे कपडे घालून, गजरे माळून गेली. मालक पुढच्या खुर्चीत बसून, नटीकडे टक लावून हानी सोसत होते.

काकू गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी स्टुडिओच्या फाटकावर मॅनेजरला गाठलं. सोबत मी होते.

"तुमच्या घोड्यानं माझ्या कुरडया तुडवल्या. दोन पायल्या गहू द्या. आजच भिजत घालायला हवा."

"एवढंच?" तो म्हणाला. "मग अर्जात का नाही लिहिलंत, बाई?"

दुपारी गव्हाचं पोतं आलं. मालक लगेच त्याच्याशेजारी येऊन उभे राहिले. "बघा, माझ्या अर्जाचा परिणाम!"

"हो का, मालक?" काकूंनी पोत्याला हात घातला. "मग असं करा. अपरिमित तेवढं तुम्ही ठेवा. गहू मी नेते."

मालक हसले. त्यांना तो मान वाटला असावा. पुढेही कितीतरी वर्षं आल्यागेल्याला ते त्या अर्जाची गोष्ट ऐकवत. त्यांच्या गोष्टीत काकू नसत.

कुरडया रुखवतात वेळेवर पोचल्या. ऊन पुरतं लागलं नव्हतं, जरा ओलसर होत्या. काकूंनी त्या नवऱ्या मुलीच्या आईला तसं सांगूनच दिल्या.