एइनोच्या शर्टाचं शेपूट

आमच्या शिकारीच्या कॅम्पच्या उत्तरेकडच्या भिंतीवर चाळीसेक शेपटं ठोकलेली आहेत. हरणांची नव्हेत, शर्टांची. ज्याची गोळी चुकली त्याला संध्याकाळी सगळ्यांसमोर उभा करायचा, शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कापायचा, त्यावर नाव-तारीख लिहायची आणि खिळा मारायचा. माझी सात आहेत. काउकोची अकरा. त्याच्या बायकोने एकदा विचारलं होतं, "तुम्ही नोव्हेंबरात जंगलात जाता की शिंप्याकडे?"

त्या भिंतीवर दोघांचं शेपूट नव्हतं. एक एइनो साल्मेला, वय एक्याऐंशी. एकसष्ट मोसमांत त्याची गोळी चुकलेली कुणी पाहिली नव्हती. आणि दुसरा वेस्ली कांगास, वय छत्तीस. त्याचीही गोळी चुकली नव्हती, कारण त्याने ती कधी झाडलीच नव्हती.

वेस्ली फौजेतून परत आला तेव्हा त्याचा बाप, आमचा राल्फ, जाऊन वर्ष झालं होतं. राल्फचा पलंग रिकामा होता आणि त्याचा निळा कप खिळ्यावर लटकत होता. आमच्याकडे कपाचा नियम आहे: माणूस कॅम्प सोडतो तेव्हा कप घरी जातो, तोवर हलवायचा नाही. वेस्लीच्या आईने मला गाठलं. मी तेव्हा शाळेची बस चालवत असे आणि कॅम्पवर स्वयंपाक करत असे. ती म्हणाली, "भाऊजी, त्याला न्या हो. घरात नुसता बसून असतो. रात्र रात्र झोपत नाही."

नेला. बापाचा पलंग आणि निळा कप त्याला दिला. आणि पहिल्याच दिवशी आम्ही सगळे गार पडलो.

अफगाणिस्तानात वेस्लीचं काम होतं, गाड्यांच्या पुढे पायी चालायचं आणि रस्त्यात पुरलेले बॉम्ब शोधायचे. तीन वेळा गेला. तीनही वेळा मान खाली घालून चालला आणि परत आला तरी मान वर झाली नाही. दुकानात, चर्चमध्ये, बापाच्या कबरीपाशी, कुठेही नजर जमिनीवर. आता हरीण काही जमिनीत उगवत नाही. हा बुंध्यावर बसायचा, रायफल मांडीवर, डोळे बुटांपुढच्या पानांवर. एकदा दहा फाट्यांच्या शिंगांचा नर त्याच्या पाठीमागून आला, त्याच्या टोपीचा वास घेतल्यासारखं केलं आणि निघून गेला. समोरच्या टेकडीवरून हे बघणारा काउको पुढे दोन दिवस नीट जेवला नाही.

"अरे बाबा, बटाटे काढायला बसला होतास का रे?" काउकोने विचारलं.

"पानं बदलली होती," वेस्ली म्हणाला. "काल तिथे वेगळी होती."



पण संध्याकाळी त्याचे खिसे बघण्यासारखे असत. पन्नास वर्षांपूर्वी राल्फच्या हातून पडलेला चाकू. एइनोच्या लग्नातली अंगठी, जी हरवली म्हणून त्याने बायकोला कधीच सांगितलं नव्हतं. आणि तिसऱ्या मोसमात काउकोची कवळी. चार वर्षांपूर्वी शिंकेसरशी बर्फात उडाली होती. वेस्लीने ती टेबलावर ठेवली. काउकोने ती उचलली, बादलीत विसळली आणि आमच्या डोळ्यांदेखत तोंडात बसवली. म्हणाला, "नव्या कवळीपेक्षा हीच बरी बसते." त्या संध्याकाळी माझ्या मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्यांना त्याच्याशिवाय कुणी हात लावला नाही.

वेस्लीच्या जाकिटाच्या खिशात रक्त थांबवायचा पट्टाही असायचा, फौजेतला. अंघोळीला सौनात, वाफेच्या खोलीत, जाताना तो बाहेर खुंटीवर जाकीट लावी, पण पट्टा हातात घेऊन आत येई.

"इथे कसला स्फोट होणार आहे रे पोरा?" एइनो हसायचा.

"घेवड्याचा," काउको माझ्या पातेल्याकडे बोट दाखवायचा.

वेस्ली हसायचा, पण जमिनीकडे बघून.

सहाव्या वर्षी, मोसमाच्या आदल्या दिवशी, मी भांडी लावत होतो आणि निळा कप खिळ्यावर दिसेना. बघतो तर वेस्लीने तो घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवलेला. 

"एवढं वर्ष शेवटचं, काका," तो म्हणाला. "तुम्ही सांभाळून घेता, ते कळतं मला. पण बापाच्या पलंगावर बसायला माणूस उपयोगाचा हवा. मी इथे येऊन करतो काय?"

"कवळ्या शोधतोस," मी म्हणालो. विनोद करायची ती वेळ नव्हती, हे तोंडातून गेल्यावर कळलं. त्याची आई मला सांगायची, की वर्षातल्या या दोन आठवड्यांतच हा पोरगा सलग झोपतो. पुढच्या वर्षापासून तेही नाही. मी काउकोला सांगितलं, एइनोला सांगितलं. एइनो शेगडीत लाकूड सरकवत म्हणाला, "बघू. कप अजून कॅम्पातच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला एइनोच्या मचाणाकडून एकच बार ऐकू आला. एइनोचा एक बार म्हणजे एक हरीण, हे आम्ही घड्याळासारखं मानत आलेलो. मी लगेच कलेजीसाठी कांदा चिरायला घेतला.

तासाभराने एइनो आला. गाल लाल, डोळ्यांत चमक. "मोठा आहे. आठ फाटे तरी. पळाला, पण लागलीय. आधी मला काही दिसलं नाही, दलदलीपर्यंत माग काढत गेलो, कोरडाच. म्हटलं झालं, चुकली. परत फिरलो आणि येताना बघतो तर काय, बर्फावर रक्त! हे डोळे म्हणजे आता कोंबडीला घालायच्या लायकीचे. जाताना दिसलंच नाही. तुम्ही व्हा पुढे. मी जरा पाय शेकतो."

इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. आपलं हरीण रानात पडलेलं असताना पाय शेकत बसणारा एइनो मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण मी काय केलं? त्याला कॉफी ओतून दिली, पानुकाकू या अंड्या-दुधाच्या केकचा मोठा तुकडा पुढे सरकवला, खुर्ची शेगडीजवळ ओढली आणि वर म्हणालो, "बसा महाराज, प्रजा आणते शिकार."

बर्फ भुरभुरायला लागलं होतं. काउको आणि मी मचाणापासून निघालो, वेस्ली मागून. हरणाचे खूर, त्यावर एइनोचे बूट, मध्ये लाल थेंब. आम्ही झपाझप चाललो, नजर पुढे झाडीत, हरीण पडलेलं दिसतंय का म्हणून. दलदलीच्या काठाला रक्त संपलं. काउको म्हणाला डावीकडे, मी म्हणालो उजवीकडे, आणि दहा मिनिटं आम्ही दोघांनी ती जागा बैलांनी मळणी करावी तशी तुडवली.

"आता हे बर्फ सगळं झाकणार," काउको म्हणाला. "जखमी हरीण हरवलं तर म्हातारा पुन्हा रायफलला हात लावायचा नाही. ओळखतो मी त्याला."

तेवढ्यात मागून वेस्लीचा आवाज आला, "हलू नका."

त्याच्या तोंडून हुकूम आम्ही पहिल्यांदाच ऐकला. काउकोचा एक पाय वरच राहिला.

"आता माझ्या पावलावर पाऊल टाकत मागे या. दुसरीकडे कुठे नाही."

"अरे, हरीण पुढे आहे!"

"या, काउकोकाका."

निघालो. वेस्ली मचाणाकडे उलटा चालत होता, कमरेत वाकून, सावकाश. एका ठिकाणी थांबला. दलदलीच्या अलीकडे, जिथे एइनो वळण्याआधी उभा राहिला असावा. बुटांचे दोन खोल ठसे, आणि डाव्या टाचेशी तळहाताएवढं लाल थारोळं. तिथून हरणाचे खूर पुढे गेले होते. लांब उड्या, स्वच्छ, पांढऱ्यावर पांढऱ्या.

वेस्लीची मूठ एकदम वर गेली. मला फौजेतलं काही कळत नाही, पण ती मूठ म्हणजे 'थांबा' एवढं कळलं, आणि आम्ही जागीच थांबलो.

"हरणाच्या पायाशी रक्त नाही," तो म्हणाला. "एइनोकाकांच्या पायाशी आहे. जाताना डाव्या बुटाजवळ, येतानाही डाव्या बुटाजवळ. मचाणाच्या शिडीपासून सुरू."

आम्हाला अर्थ लागायच्या आत तो पळत सुटला होता. वेस्लीला पळताना मी कधीच पाहिलं नव्हतं. तो रस्त्यावरसुद्धा पाऊल तोलून टाकणारा माणूस. आणि आता फांद्या, ओंडके, खड्डे, कशाकडेही न बघता धावत होता. मागे आम्ही दोन म्हातारे, धापा टाकत. धावता धावता काउको म्हणाला, "म्हणजे आपण एइनोची शिकार करत होतो?" आणि मला हसू आलं. देवा शपथ, मला हसू आलं. ते अजून छातीत रुतून बसलंय.

दार उघडलं. एइनो खुर्चीतच होता. मान छातीवर, ओठ पिठासारखे, हातातला कप कलंडलेला. जमिनीवर कॉफी तेवढी; रक्त बुटात साचत गेलेलं. त्याची लोकरी पॅन्ट लाल-काळ्या चौकड्यांची, आम्हा सगळ्यांच्या असतात तशी. त्या कापडावर रक्त दिसणार कसं? साखरेच्या दुखण्याने त्याच्या पायांना संवेदना नव्हती, आणि रक्त पातळ व्हायची गोळी तो रोज सकाळी माझ्याच समोर घ्यायचा. शिडीचा एक खिळा त्याने स्वतःच उन्हाळ्यात ठोकून घेतो, ठोकून घेतो म्हणून ठेवला होता. तो पोटरीत शिरला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

वेस्लीने बूट ओढला. बूट उपडा झाला आणि काउको भिंतीला टेकून खाली बसला.

पट्टा खिशातून निघाला कधी, गुडघ्याच्या वर आवळला कधी, मला कळलं नाही. वेस्ली तोंडाने शांतपणे बोलत होता, "काका, डोळे उघडा. माझ्याकडे बघा. काउकोकाका, ट्रक दारात आणा. पळा." काउको पळाला. ज्याला आम्ही सहा वर्षं सांभाळून घेत होतो, तो आम्हाला सांभाळत होता.

अडतीस मैल. मागच्या सीटवर एइनोचा पाय वेस्लीच्या मांडीवर, डोकं माझ्या. वाटेत एकदा त्याने डोळे उघडले.

"कुठे?"

"दवाखान्यात."

"आणि हरीण?"

"मेल्या, आधी तू तरी हाती लाग!" काउको स्टिअरिंगवर ओरडला. तो रडत होता. कवळी वाजत होती.

वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर काही उपयोग नव्हता.  अर्धा तास! आम्ही दहा मिनिटं डावी-उजवी करण्यात घालवली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला निघालो. ट्रकमध्ये काउकोने बेत सांगितला, "हरीण सापडलं म्हणायचं. माझ्याकडचं मांस त्याला द्यायचं. एकसष्ट वर्षांत जे झालं नाही ते या वयात त्याला कशाला ऐकवायचं?" मी कबूल झालो. वेस्ली पायाखालच्या चटईकडे बघत होता.

एइनो उशीला टेकून बसला होता, चेहरा अजून कागदासारखा. त्याने आमच्या दोघांकडे पाहिलंच नाही. "वेस्ली, तू सांग. लागली का?"

काउको खोकला. मोठ्याने.

"नाही, काका," वेस्ली म्हणाला. "बर्फ फार पडलं नाही. काल दोन मैल माग काढला. तो चरलाय, बसलाय, आरामात उठलाय. रक्ताचा थेंब नाही. तुमची गोळी मचाणासमोरच्या देवदारात आहे. साडेचार हात उंचीवर."

 मला वाटलं, संपलं, म्हातारा आता भिंतीकडे तोंड फिरवणार. पण एइनो वेस्लीकडे टक लावून बघत राहिला.

"साडेचार हात? म्हणजे तू वर बघितलंस?"

वेस्लीचे कान लाल झाले. "बघावं लागलं. गोळी जमिनीत नव्हती."

"मग?"

"मग तोच नर दिसला. तीस पावलांवर. आठ नाही, नऊ फाटे आहेत."

"आणि तुझी रायफल?" काउकोच्याने राहवेना.

"ट्रकमध्ये."

काउकोने कपाळावर हात मारला. एइनो मात्र हसायला लागला, इतका की नर्स धावत आली. मग त्याने फर्मान सोडलं, "कात्री आणा."

"दवाखान्याच्या या झग्याला मागे काही आहेच कुठे?" काउको म्हणाला. "कापायचं काय?"

शर्ट कपाटातल्या पिशवीत होता. कापायचा मान एइनोने वेस्लीला दिला. वेस्लीने कापलं, सरळ रेषेत, धागाही न ओढता.

"भिंतीवर तूच ठोक," एइनो म्हणाला. "आणि शिडीचा तो खिळा काढ. आणि पुढच्या वर्षी माझ्या मचाणाखाली तू बस. मी वर बघीन, तू खाली बघ. दोघांत मिळून एक शिकारी होईल."

वेस्लीने मान हलवली. ती हो म्हणून होती की नुसती, मला समजलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

आता आसपासच्या कॅम्पांतून त्याला फोन येतात: हरीण जखमी होऊन गेलंय, माग लागत नाही, वेस्ली येतोस का? तो जातो, मान खाली घालून. पण तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. मोसम संपल्यावर मी कॅम्प बंद करायला एकटा गेलो, ते भीतभीतच. दार उघडलं आणि आधी खिळ्यांच्या रांगेकडे पाहिलं.

निळा कप जागेवर होता. आत तळाशी कॉफीचा गाळ, गोठून दगड झालेला. पाच वर्षं जो पोरगा आपला कप घासूनपुसून ठेवायचा, त्याने तो या वेळी तसाच उष्टा टांगला होता. मी तिथेच चार शिव्या हासडल्या, बर्फ वितळवलं आणि तो घासून पुन्हा खिळ्याला लावला.