ऊन न लागलेली

"माह्या साक्षीला मी कवा उन्हाचा चटका लागू दिला न्हाई," नंदाबाई म्हणायच्या. कुणी विचारलं तरी, न विचारलं तरी.

त्यांची स्वतःची कातडी भाजलेल्या वांग्यासारखी. सासरी पहिल्याच दिवशी नणंद म्हणाली होती, "दादा, दिवा लावून बघ, वहिनी दिसती का." सगळे हसले. नंदाबाईही हसल्या. मंठ्याजवळच्या त्या गावात पुढे त्यांनी जन्मभर कापूस वेचला, सोयाबीन खुरपलं. मुलगी झाली ती गोरी निघाली. तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं की या घरातलं एक माणूस तरी सावलीत राहील.

कॉलेजला जाताना साक्षीला स्कार्फ, हातमोजे, पायमोजे. बी.ए. झाल्यावर बाहेर जाणंच संपलं. दोरीवर कपडे टाकायलाही आईच जायची. शेजारची झुंबरबाई कुंपणावरून ओरडायची, "नंदे, पोरगी हाये का लोणचं? आगं, लोणच्याला बी ऊन दाखवावं लागतं!"

"तुह्या पोरीवानी कोळसा करू का?"

झुंबरबाई खो खो हसायची. तिची पोरगीही हसायची.

दिवाळीनंतर साक्षीच्या मांड्या दुखायला लागल्या. खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठता येईना. "काम न्हाई, धंदा न्हाई, अंग आखडलं," असं तिचे वडील, बद्रीनाथ, म्हणाले. शेवटी मंठ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हाडांना आणि स्नायूंना लागणारं व्हिटॅमिन डी तिच्या रक्तात जवळजवळ नव्हतंच. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची, आणि रोज हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसायचं. ताकद यायला दोन-तीन महिने लागतील.

"उन्हाशिवाय न्हाई का भागणार, बाई?"

"ऊन तर फुकट आहे, मावशी."

ऊन फुकट असतं असं नंदाबाईंना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

साक्षीला बघायला येणारे पाहुणे आठवड्यावर आले होते. मुलगा जालन्यात बियाण्याच्या कंपनीत. "एवढं होऊन जाऊ दे, मंग बस दिवसभर गच्चीवर," त्या साक्षीला म्हणाल्या. पुडी मात्र दिली.

पाहुणे आले. साक्षी पाटावर बसली. नाव, शिक्षण, मामाचं गाव विचारून झालं, कुंकू लावून झालं. मग पाया पडणं आलं. आजोबांच्या पाया पडून ती उठली. मुलाच्या वडिलांच्या पाया पडून, गुडघ्यावर हात रोवून, उठली. मुलाच्या आत्याबाईंच्या पायाशी वाकली आणि तिथेच राहिली. आत्याबाईंनी आशीर्वाद दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. "ऊठ माय, किती पाया पडशील?" कुणीतरी हसलं. साक्षीचे खांदे थरथरत होते. नंदाबाई धावल्या, काखेत हात घालून त्यांनी तिला उभं केलं, नुकत्याच चालायला लागलेल्या लेकराला करतात तसं.

"काही दुखणं हाये का पोरीला?"

"न्हाई, न्हाई. साडीत पाय अडकला."

आत्याबाईंनी साडीकडे पाहिलं. "रंग बाकी छान हाये पोरीचा," त्या म्हणाल्या. "कळवतो आम्ही."

गाडी गेल्यावर साक्षी भिंतीला टेकून बसली. "मम्मी, उद्यापासून बसू का उन्हात?"

नंदाबाई हो म्हणणार, तेवढ्यात बद्रीनाथ फोन खिशात ठेवत आत आले. "आणिक एक स्थळ हाये, अंबडचं. महिन्याभरात येतो म्हणले. फोटो बघून म्हणले, पोरगी खरंच इतकी गोरी हाये का? तवर जपा जरा."

"आन् माहे पाय?"

"पाट ठिवायचाच न्हाई. खुर्चीवर बसवू."

"आन् पाया पडायचं?"

"लांबून हात जोडायचे. आजकाल चालतं."

यावर बोलायचं ते नंदाबाईंनीच. पोरीच्या बाबतीत या घरात पहिल्यापासून त्यांचाच शब्द चालत आला होता. बापलेक दोघं त्यांच्याकडे पाहत राहिले. नंदाबाईंनी पायात चपला सरकवल्या, साक्षीवर ऊन येऊ नये म्हणून दार मागे ओढून घेतलं आणि दोरीवरचे कपडे काढायला एकट्याच बाहेर पडल्या.